सांगली महापालिका दीड वर्ष उशिरा झाली असती तर?

सांगली-मिरज-कुपवाड महापालिका ९ फेब्रुवारी १९९८ ला अस्तित्वात आली. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, राज्य सरकारनं नगरपालिकांची जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर, बंद केली आणि महापालिकांची चालू ठेवली. सांगली आणि मिरज आणखी दीड वर्ष नगरपालिकाच राहिल्या असत्या, तर त्यांच्या वेशीवरचे जकात नाके सातारा-कराडच्या नाक्यांबरोबरच उठले असते. २०१३ मध्ये सांगलीत जकातीच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर, ज्याला सगळे एलबीटी म्हणतात, तोही तिच्या वाट्याला आला नसता. ना व्यापाऱ्यांचे बंद, ना मोर्चे, ना दुकानांवरचे काळे झेंडे.

इतिहासात जर-तरला अर्थ नाही असं म्हणायची पद्धत आहे. स्थानिक करांच्या बाबतीत मात्र जर-तर बऱ्यापैकी तपासता येतं, कारण तो कर नसलेलं दुसरं गाव शेजारीच असतं. सांगलीच्या शेजारी इचलकरंजी आहे, जयसिंगपूर आहे, थोडं वर साताऱ्याकडं कराड आणि सातारा आहे. ही सगळी गावं १९९९ मध्ये नगरपालिका होती, म्हणून जकातीतून सुटली आणि पुढं एलबीटीतूनही. त्यामुळं ‘एलबीटीनं सांगलीत काँग्रेस बुडवली’ हे पेठेत हमखास ऐकू येणारं वाक्य नुसतं मत म्हणून सोडून द्यायची गरज नाही. ते पडताळून बघता येतं.

असा खेळ खेळताना एक नियम पाळावा लागतो. बदलायची ती एकच गोष्ट, आणि तीही अशी की त्या वेळच्या कुणालाही ती सहज शक्य वाटली असती. इथं बदलायची आहे ती फक्त अधिसूचनेची तारीख. ती लांबणं अजिबात अवघड नव्हतं. महापालिकेसाठी लोकसंख्येची अट तीन लाखांची. त्या वेळी एकटी सांगली किंवा एकटं मिरज ती पुरी करू शकत नव्हतं, म्हणून दोघांना जोडून, मध्ये कुपवाड घेऊन एक शहर करावं लागलं. संस्थानी काळापासून वेगळा कारभार, वेगळी पेठ आणि वेगळा अभिमान असलेली दोन गावं एकत्र आणायची म्हटल्यावर हरकती, सुनावण्या, हद्दीचे नकाशे यात दीड वर्ष सहज निघून जाऊ शकतं. साताऱ्याची नुसती हद्दवाढ व्हायला २०२० उजाडलं, यावरून अंदाज यावा.

आता हा कर नेमका चालायचा कसा ते बघू. व्यापाऱ्यांचा राग ‘कर भरायला नको’ एवढाच होता असं ज्यांना वाटतं, त्यांनी नाक्यावरचा एक ट्रक कधी बघितलेला नसतो.

जकात म्हणजे शहराच्या हद्दीत वापर, उपभोग किंवा विक्रीसाठी आणलेल्या मालावरचा कर. ट्रक नाक्यावर थांबायचा. ड्रायव्हर बिल्टी (वाहतुकीची पावती) आणि मालाचं बिल घेऊन खिडकीवर जायचा. कारकून मालाचा प्रकार बघून दर लावायचा. काही वस्तूंवर वजनावर, बऱ्याच वस्तूंवर किमतीवर. किमतीबद्दल संशय आला की माल उतरवून तपासायचा. रक्कम रोख भरायची, पावती घ्यायची आणि मग ट्रक आत. पावतीशिवाय माल आत गेलेला सापडला तर चुकवलेल्या जकातीच्या दहा पटींपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात होती. माल शहरात उतरायचाच नसेल, नुसता पलीकडं जायचा असेल, तर पारगमन. एका नाक्यावर नोंद करायची, ठरल्या वेळात दुसऱ्या नाक्यावरून बाहेर पडायचं. वेळेत बाहेर पडला नाही तर माल शहरातच उतरला असं धरलं जायचं. टायर पंक्चर झाला हे कारण खरं असलं, तरी ते कारकुनाला पटवणं हा निराळा उद्योग.

सांगलीच्या दृष्टीनं खरी मेख पुढं आहे. सांगली ही खाणाऱ्या लोकांची पेठ कमी आणि पाठवणाऱ्यांची जास्त. हळद, गूळ, बेदाणा, किराणा, कापड: माल येतो, वखारीत पडतो, पोती बदलतात आणि तालुक्याच्या गावांना, कर्नाटकात, कोकणात निघून जातो. (शेतमालाला सूट कुठं आणि किती, हा तर स्वतंत्र लेखाचा विषय.) बाहेर गेलेल्या मालाची जकात परत मिळायची तरतूद असायची, पण माल मूळ स्थितीत हवा, मुदतीत हवा, आत येतानाची पावती हवी आणि बाहेर जातानाचा नाक्यावरचा शिक्का हवा. शंभर पोती आली, त्यातली चाळीस जतला गेली, तीस अथणीला आणि उरलेली गावातच विकली गेली, तर परताव्याचा कागद करायला एक दिवाणजी वेगळा ठेवावा लागे. लहान व्यापारी परतावा सोडून द्यायचा आणि जकात मालाच्या भावात मिसळून टाकायचा.

रक्कम किती? कल्पनेतलाच आकडा घेऊ. दहा लाखांचा माल आणि दर ३ टक्के, तर नाक्यावर रोख ३०,००० रुपये. माल विकून पैसे यायला दोन महिने लागले आणि पैसे १२ टक्के व्याजानं काढले असले, तर व्याजाचा बोजा ६०० रुपये. तो काही फार नाही. ठोक व्यापारात सुटणारा नफा ४ टक्के, म्हणजे ४०,००० धरला, तर मात्र ३०,००० हा आकडा जीवघेणा होतो. कारण जयसिंगपूरचा व्यापारी १९९९ नंतर ते भरत नव्हता. जयसिंगपूरच्या वाटेवरची अंकली ओलांडली की नाका नाही आणि गिऱ्हाईक मात्र तेच. कर्नाटकानं तर १९७९ मध्येच जकात गुंडाळली होती. मिरजेची पेठ त्याच राज्याच्या तोंडावर बसलेली, म्हणून तिला हा फरक सगळ्यात आधी जाणवला.

म्हणून १९९९ ते २०१३ हा काळ सांगलीच्या बाजारासाठी सगळ्यात अन्यायाचा होता असं माझं मत आहे. एलबीटीची दोन वर्षं जास्त गाजली एवढंच. महापालिका व्हायच्या आधी आसपासच्या नगरपालिकांनाही जकात होती, त्यामुळं तिचा स्पर्धेवर परिणाम मर्यादित होता. १९९९ नंतर आसपासची नगरपालिकांची गावं मोकळी झाली आणि त्यांच्यामध्ये सांगली-मिरज-कुपवाड कुंपणात राहिलं. कुंपणाला लागून माधवनगर आणि बुधगाव, म्हणजे ग्रामपंचायती. हद्दीच्या दगडाच्या अलीकडं गोदाम की पलीकडं, यावर धंद्याचं गणित ठरायला लागलं की पेठ हळूहळू दगडाच्या पलीकडं सरकते. कुणी बंद पुकारत नाही, मोर्चा काढत नाही. नवं गोदाम बांधताना फक्त जागा निराळी घेतो.

आता एलबीटी. कल्पना कागदावर चांगली होती. नाके उठवायचे, ट्रक थांबवायचे नाहीत. व्यापाऱ्यानं महिन्यात शहराबाहेरून किती माल आणला ते स्वतःच मोजायचं, दर लावायचा, पुढच्या महिन्यात बँकेत भरणा करायचा आणि सहामाही विवरणपत्र द्यायचं. सुरुवात १ एप्रिल २०१० ला जळगाव, मीरा-भाईंदर आणि नांदेडमध्ये झाली. मग टप्प्याटप्प्यानं इतर शहरं, आणि २०१३ मध्ये पुण्यासारखी मोठी शहरं आणि सांगली. मुंबईत तो शेवटपर्यंत आलाच नाही, तिथं जीएसटी येईपर्यंत जकातच राहिली. हे व्यापाऱ्यांनी बरोबर हेरलं होतं. मुंबईला जे चालत नाही ते आमच्या गळ्यात का, या प्रश्नाला सरकारकडं धड उत्तर नव्हतं.

एलबीटी फसला त्याची कारणं मात्र दरात कमी आणि रचनेत जास्त होती.

पहिलं, व्हॅट, म्हणजे राज्याचा विक्रीवरचा कर, आधीपासून होता. व्हॅटमध्ये खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळायची. एलबीटीत ती नव्हती. म्हणजे त्याच मालाचा दुसरा हिशेब, दुसरी नोंदवही, दुसरं विवरणपत्र, आणि त्यात शहराबाहेरून आणलेला माल आणि शहरातच घेतलेला माल वेगळा काढायचा. ठोक व्यापाऱ्याकडं संगणक होता, त्याला ते जमलं. किराणा दुकानदार एकाच दिवशी गणपती पेठेतून साखर, बाहेरून आलेल्या एजंटाकडून बिस्किटं आणि माधवनगरातून तेल घेतो. त्यानं यातलं ‘आयात’ काय ते रोज लिहावं, ही अपेक्षा करणारा माणूस दुकानाच्या गल्ल्यामागं कधी बसलेला नसावा. नोंदणीची उलाढाल-मर्यादा सुरुवातीला फार खाली होती, त्यामुळं असे हजारो दुकानदार जाळ्यात आले. ती मर्यादा पुढं वाढवली, पण तोवर विरोध संघटित झाला होता.

दुसरं कारण नोकरांचं. नाक्यावरचा कारकून पावती फाडण्यात तरबेज होता, ताळेबंद वाचण्यात नाही. नाके उठल्यावर तीच माणसं एलबीटी विभागात आली. स्वतः मोजून भरायच्या करात वसुली टिकते ती तपासणीवर, आणि तपासणी करू शकणारी माणसं महापालिकांकडं नव्हती. विक्रीकर खात्याकडं व्यापाऱ्यांची यादी आणि उलाढाल होती, ती मिळवून दोन्ही याद्या जुळवणं हे खरं काम. बहुतेक शहरांत ते उशिरा आणि अर्धवट झालं. मग उरतो छापा. छाप्याचा अधिकार दिला आणि हिशेब तपासायची कुवत दिली नाही, की व्यापारी ज्याला ‘इन्स्पेक्टर राज’ म्हणतो ते आपोआप तयार होतं.

तिसरं, हा कर फक्त व्यापाऱ्याचा नव्हता. वापरासाठी माल आणणाराही त्यात होता. मिरजेत याचा अर्थ फार वेगळा होतो. दवाखान्यांच्या या गावात यंत्रं, औषधं, उपकरणं सगळी बाहेरून येतात. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत कच्चा माल बाहेरून येतो. बांधकामाचं सिमेंट-सळई बाहेरून. जकात असताना हे पैसे ट्रकबरोबर नाक्यावर भरले जात आणि डॉक्टर किंवा बिल्डरला त्याची फारशी जाणीवही नसे. एलबीटीत त्यांच्या नावानं नोटीस येऊ लागली. कर तोच राहिला, पण भरणाऱ्याचं नाव दिसायला लागलं आणि विरोधकांची संख्या वाढली. वाहतूकदाराकडून गोळा होणारा कर हिशेबवहीतून गोळा करायला घेतला की राजकीय किंमत वाढते, हे करांबद्दलचं सगळ्यात कमी बोललं जाणारं सत्य आहे.

या सगळ्यात एक गंमत. त्या वेळचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण कराडचे. एलबीटी मागं घेणार नाही अशी ठाम भूमिका घेणाऱ्या मुख्यमंत्र्यांच्या स्वतःच्या गावात, नगरपालिका असल्यामुळं, ना जकात होती ना एलबीटी.

आता घड्याळ उलटं फिरवू. ९ फेब्रुवारी १९९८ ची अधिसूचना निघाली नाही. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली, सांगली आणि मिरजेचे नाके उठले. जकातीच्या बदल्यात राज्याकडून सहायक अनुदान सुरू झालं. व्यापारी खूश. माधवनगर-बुधगावकडं सरकणारी गोदामं कदाचित शहरातच राहिली असती.

यानंतर महापालिका कधी झाली असती? इथं बरेच जण घाईत ‘२००१-०२ मध्ये’ म्हणतील, कारण त्या आसपास राज्यात बऱ्याच महापालिका झाल्या. पण एक अडचण आहे. नगरपालिकेची जकात गेली होती, महापालिकेची नाही. १९९९ नंतर महापालिका झालेल्या जळगाव आणि मीरा-भाईंदरमध्ये २०१० पर्यंत जकात होती, हे विसरून चालत नाही. म्हणजे महापालिका होणं याचा अर्थ उठलेला नाका पुन्हा बसवणं. चालू असलेला कर लोक शिव्या देत भरतात. एकदा गेलेला कर परत आणणाऱ्याला मात्र लोक माफ करत नाहीत. सांगलीच्या कुठल्या पुढाऱ्यानं तो ठराव सभागृहात मांडला असता? काँग्रेसच्या नाही, राष्ट्रवादीच्या नाही आणि भाजपच्या तर नाहीच.

इचलकरंजीकडं बघा. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या २ लाख ८७ हजारांच्या घरात होती, वस्त्रोद्योगाचं मोठं शहर, तरीही ती महापालिका झाली २०२२ मध्ये. जालना त्यानंतर. दोन्ही जीएसटीनंतर, म्हणजे जकात-एलबीटीची भीती कायमची मिटल्यावर. यात लोकसंख्येच्या अटीचाही वाटा आहे, सगळं श्रेय कराला देता येणार नाही. तरी सांगली आणि मिरज या दोन नगरपालिका २०१७ पर्यंत वेगवेगळ्याच राहिल्या असत्या असं मी म्हणेन.

याचा सगळ्यात मोठा राजकीय परिणाम कराशी थेट संबंध नसलेल्या ठिकाणी दिसला असता. महापौर नगरसेवक निवडतात. नगराध्यक्ष मात्र २००१ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये थेट लोकांतून निवडले गेले. म्हणजे या पर्यायी इतिहासात सांगलीला एक थेट निवडलेला नगराध्यक्ष मिळाला असता आणि मिरजेला दुसरा. अठ्ठ्याहत्तर नगरसेवकांच्या सभागृहात बहुमताचा आकडा जमवणं, गट फोडणं, महापौरपदाची मुदत वाटून घेणं ही जी खास महापालिकेची कला आहे, ती इथं इतकी फुललीच नसती. मिरजेची ‘सगळा पैसा सांगलीला जातो’ ही तक्रारही उरली नसती. तिच्या जागी पाणी योजना, सांडपाणी आणि कचरा डेपो यावरून दोन नगरपालिकांचं भांडण आलं असतं, आणि ते मिटवायला दर वेळी पालकमंत्री लागला असता. शहराचं सांडपाणी कृष्णेत नेणाऱ्या शेरीनाल्याचा प्रश्न नगरपालिकेला झेपला असता का, याबद्दल मला शंका आहे. महापालिकेलाही तो झेपताना दिसत नाही ही गोष्ट वेगळी.

आता त्या प्रसिद्ध वाक्याकडं येऊ: एलबीटीनं काँग्रेस बुडवली. ते उभं राहतं ते २०१४ च्या विधानसभेवर. सांगलीत काँग्रेसचे मदन पाटील हरले आणि भाजपचे सुधीर गाडगीळ जिंकले. गाडगीळ सराफी पेढीच्या घराण्यातले. व्यापारी उमेदवार, व्यापाऱ्यांचा राग, भाजपचं ‘एलबीटी रद्द करू’ हे आश्वासन. गोष्ट अगदी नीट बसते. गोष्ट इतकी नीट बसली की तारखा तपासाव्यात.

२००९ मध्ये राज्यात एलबीटी कुठंच नव्हता. तरी त्या वर्षी सांगलीत पैलवान संभाजी पवार आणि मिरजेत सुरेश खाडे, दोघंही भाजपच्या तिकिटावर निवडून आले होते. म्हणजे दोन्ही शहरी जागा कराच्या आधीच गेल्या होत्या. शेजारी इचलकरंजीत सुरेश हाळवणकरांनी २००९ आणि २०१४ अशा दोन्ही वेळा भाजपकडून जागा जिंकली, आणि तिथं तर हा कर कधी आलाच नाही. उलट साताऱ्यात, तोही कर नसलेलं शहर, २०१४ मध्ये शिवेंद्रसिंहराजे राष्ट्रवादीकडून जिंकले. कर असलेली आणि नसलेली गावं दोन्ही दिशांना गेली.

त्याहून बोलका पुरावा महापालिकेचाच. एलबीटी लागू झाल्यानंतर लगेच, जुलै २०१३ मध्ये, सांगली महापालिकेची निवडणूक झाली. व्यापाऱ्यांचं आंदोलन तापलेलं होतं. निकाल? काँग्रेसला बहुमत. भाजपनं महापालिका जिंकली ती २०१८ मध्ये, ७८ पैकी ४१ जागा घेऊन, आणि तेव्हा एलबीटी जाऊन तीन वर्षं झाली होती. कर ताजा होता तेव्हा तो आणणाऱ्या पक्षाला सत्ता मिळाली, आणि कर गेल्यावर तो घालवणाऱ्या पक्षाला.

असं का, याला माझं उत्तर असं. व्यापारी आवाजानं मोठा आहे, मतांनी नाही. प्रभागाची निवडणूक गटारी, नळ, गुंठेवारीची घरं आणि जात-भावकी यावर होते. नोंदवहीचा त्रास असलेली एका प्रभागात फार तर काहीशे घरं. विधानसभेला व्यापाऱ्याचा पैसा आणि शब्द जास्त चालतो, म्हणून तिथं एलबीटीचा परिणाम झालाच नसेल असंही मी म्हणणार नाही. २०१४ मध्ये दोन्ही काँग्रेस वेगळ्या लढल्या, देशात लाट होती, त्यात या कराचा वाटा फार तर फोडणीतल्या हिंगाएवढा. वास येतो, पोट भरत नाही. एलबीटी नसता तरी सांगली आणि मिरज २०१४ मध्ये भाजपकडंच गेल्या असत्या. राज्याच्या पातळीवर पुण्या-ठाण्याच्या बाजारपेठांत हिशेब वेगळा असू शकतो. लोकसभेतल्या पराभवानंतर जकात ठेवायची की एलबीटी हे महापालिकांनीच ठरवावं, असा पवित्रा सरकारनं घेतला, त्यावरून घबराट होती हे दिसतंच.

मग फरक पडला कुठं? तिजोरीत. आणि तो व्यापाऱ्यांना अपेक्षित होता त्याच्या नेमका उलटा.

२०१५ च्या अर्थसंकल्पात सुधीर मुनगंटीवारांनी एलबीटी रद्द करण्याची घोषणा केली, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना तो माफ झाला. त्याआधी व्याज आणि दंड माफ करणारी अभय योजना येऊन गेली होती. (प्रामाणिकपणे वेळेवर भरलेल्यांना अभय योजनेतून काय मिळालं? काहीही नाही. पुढचा कर येईल तेव्हा ते हे लक्षात ठेवतील.) महापालिकांचं उत्पन्न बुडालं ते भरून काढायला राज्यानं दरमहा अनुदान सुरू केलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, आणि त्याबरोबर राज्याचा भरपाई कायदा. त्यानुसार जकात किंवा एलबीटी बुडालेल्या महापालिकांना २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून, दरवर्षी ८ टक्के चक्रवाढीनं भरपाई मिळते. पायाभूत रक्कम १०० धरली तर आठव्या वर्षी ती १८५ होते. व्यापार वाढो, बसो, पूर येवो. आकडा वाढतच जातो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीची पेठ पाण्यात होती. नाक्यावरची जकात त्या महिन्यांत बुडाली असती. भरपाईचं गणित मात्र नदीची पातळी बघत नाही.

नगरपालिकांसाठी अशी कायद्यात बांधलेली हमी नाही. त्यांचं सहायक अनुदान शासन निर्णयांवर चालतं आणि त्यातला मोठा भाग पगारात जातो. म्हणजे पर्यायी इतिहासातली सांगली १९९९ पासून नाकामुक्त, व्यापारासाठी बरी, पण रस्त्याच्या प्रत्येक कामासाठी मुंबईकडं डोळे लावून बसलेली असती. प्रत्यक्षातली सांगली चौदा वर्षं नाक्यांनी बांधलेली राहिली, नंतर दोन-अडीच वर्षं एलबीटीनं हैराण झाली, आणि त्या बदल्यात तिला कायद्यानं वाढत जाणारं मासिक उत्पन्न मिळालं. ज्या कराविरुद्ध शहर लढलं, त्याच्याच नावानं त्याला आजही पैसे येतात.

इचलकरंजी हे ओळखून आहे. महापालिका झाल्यावर तिची पहिली मोठी आर्थिक मागणी हीच होती की आम्हालाही जीएसटी भरपाई द्या. युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीनं अवघड होता, कारण जो कर तुमच्याकडं नव्हताच त्याची भरपाई कशी द्यायची? म्हणजे तो प्रश्न हिशेबाचा न राहता राजकीय होतो, मंत्रालयात सुटतो आणि त्यासाठी सत्तेतला आमदार लागतो. सांगली-मिरज नगरपालिका म्हणून राहिल्या असत्या आणि २०१७ नंतर एकत्र होऊन महापालिका झाल्या असत्या, तर त्यांनाही त्याच रांगेत इचलकरंजीच्या पुढं-मागं उभं राहावं लागलं असतं.

आणखी एक गोष्ट राहिली. एलबीटी गेला असं सगळे म्हणतात, पण महापालिका हद्दीत घर किंवा जागा घेताना मुद्रांक शुल्कावर जो १ टक्का जादा लागतो, त्याला दस्त नोंदणीच्या हिशेबात आजही स्थानिक संस्था करच म्हणतात. ३० लाखांच्या फ्लॅटवर तो ३०,००० होतो, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या ट्रकच्या जकातीइतकाच. फरक इतकाच की ट्रकवाल्यामागं संघटना होती. फ्लॅट घेणारा आयुष्यात एकदाच घेतो, वकिलानं सांगितलेली रक्कम भरतो आणि बाहेर पडतो. त्याचा बंद कोण पुकारणार?